गिरमिटातली चादर

पार्बताबाई कुणाच्या घरी गेली की आधी दोरीवर वाळत घातलेले कपडे पाहायची, घरातली माणसं मागून. कापडाचा काठ चिमटीत धरायची, अंगठा दोन बोटं पुढे सरकवायची आणि मगच दारातून आवाज द्यायची. एकदा आम्ही दोघी गोंडपिपरीत दवाखान्यातल्या बाबूच्या घरी बारशाला गेलो होतो. बाळाला पाहण्याआधी तिनं अंगणातल्या एका शर्टाची बाही धरली आणि बाबूच्या बायकोला म्हणाली, "थाळीची मशीन घेतली वाटते तुमी."

ती बाई बघतच राहिली. कपडे धुवायची नवी मशीन येऊन चारच दिवस झाले होते आणि शेजारीपाजारी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाह्या पाह्य ना, पिळून दोरी केली," पार्बताबाई म्हणाली. मग हात धुतले आणि बाळाला मांडीवर घेतलं.

मी तिच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं. गोंडपिपरीच्या पुढे, जंगल सुरू होतं तिथे, एका ट्रस्टचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला धुलाईखोली. वाघ फिरत असला की आम्ही सगळ्या बाया मिळूनच कामाला जायचो, आणि पार्बताबाई सगळ्यांच्या पुढे चालायची. अंगावर लुगडं आणि त्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट. नवरा वनखात्यात चौकीदार होता, तो गेल्यावर त्याचे तीन शर्ट तिनं एकामागून एक घालून संपवले. शर्टाच्या एका खिशात पाना, दुसऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी. धुलाईखोलीत मात्र तिनं पुडी कधी उघडली नाही. दवाखान्यात भिंतीभिंतीवर खर्रा खाऊ नका असं लिहिलं होतं, म्हणून नाही. ते तिला वाचताच येत नव्हतं. एक थेंब चादरीवर उडाला तर माझ्या बापाला धुता येणार नाही, असं ती म्हणायची.

धुलाईखोलीत तीन मशीनी होत्या. चंद्रपूरकडच्या एका खाणीची साहेबांची कॉलनी रिकामी झाली तेव्हा तिथलं सामान ट्रस्टला मिळालं, त्यात या आल्या. तिन्ही वरून झाकण उघडायच्या, तिन्ही पांढऱ्या, कंपनीची नावं घासून गेलेली. मला पहिले सहा महिने तिन्ही सारख्याच दिसायच्या.

फरक होता तो आत. टाकीच्या मधोमध पात्यांचा एक उभा दांडा असतो, मेकॅनिक लोक त्याला एजिटेटर म्हणतात. पार्बताबाई त्याला रवी म्हणायची. ताक घुसळायची रवी अर्धा फेरा इकडे आणि अर्धा फेरा तिकडे फिरते, तसाच तो फिरतो. तीन मशीनींच्या तीन रव्या वेगळ्या आणि त्यावरून तिनं मशीनींना नावं ठेवली होती.

पहिली खांब. तिची रवी वरपासून खालपर्यंत एकसंध, चार बाजूंना चार सरळ ताठ पात्या. ती कपड्यांना दणके देते, पण वरचं कापड वरच राहतं आणि खालचं खाली. म्हणून तिच्यात लहान आणि मळकट कपडे, तेही टाकी अर्धीच भरून. दुसरी मासोळी. तिच्या पात्या खाली मऊ, बोटानं दाबल्या तर वाकणाऱ्या, माशाच्या पंखासारख्या. तिच्यात बाळंतिणींची लुगडी आणि लेकरांचे कपडे.

तिसरी गिरमिट. तिची रवी दोन तुकड्यांची. खालचा तुकडा रवीसारखाच मागेपुढे व्हायचा. वरच्या तुकड्याला सुताराच्या गिरमिटासारखा पेच होता आणि तो फक्त एका बाजूनं फिरायचा. थांबत थांबत, पण एकाच बाजूनं. त्यानं वर तरंगणारं कापड खाली ओढलं जातं, खालचं वर येतं. मोठ्या चादरी आणि ब्लँकेटं गिरमिटात. हा नियम होता आणि तो मोडायची परवानगी कुणालाच नव्हती.

माझा पहिला दिवस मला आठवतो. मशीनला हात लावला तर शॉक बसेल या भीतीनं मी भिंतीला टेकून उभी होते. ती म्हणाली, "शिकली आहेस म्हणे तू?" मी सांगितलं, चौथी. ती म्हणाली, "मंग विसर. डोयानं नको पाहू, हातानं पाह्य." तिनं वायर काढली, माझं मनगट धरून हात कोरड्या टाकीत घातला आणि गिरमिटाचा वरचा तुकडा माझ्याकडून फिरवून घेतला. एका बाजूनं तो कर्र कर्र करत सहज गेला. दुसऱ्या बाजूनं फिरवायला गेले तर घट्ट अडला. "लक्षात ठेव," ती म्हणाली. "इकडे गेला पायजे, तिकडे अडला पायजे. दोन्हीकडे गेला तं आतले दाते झिजले. दोन्हीकडे अडला तं कोणीतरी शहाणपणा केला."

शहाणपणा कुणी केला होता ते तिनं त्याच दिवशी सांगितलं. भिंतीवर एका खिळ्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं लटकत होतं. मी येण्याच्या कितीतरी आधी, गिरमिट नवीन आली तेव्हा, तिचा वरचा तुकडा हलतो हे पाहून पार्बताबाईला वाटलं की मोडला. तिनं तारेनं तो खालच्याशी करकचून बांधला. पुढच्याच धुण्यात मेट्रनबाईंची सिरोंचाहून आणलेली सुती साडी त्याला गुंडाळली आणि पदरापासून फाटली. पार्बताबाई एका हातात साडी आणि दुसऱ्या हातात तार घेऊन मेट्रनबाईंच्या क्वार्टरवर गेली. "मीच बांधली, मीच फाडली," एवढंच म्हणाली आणि उभी राहिली. मेट्रनबाई खूप बोलल्या. सगळं ऐकून ती परत आली आणि तार खिळ्याला लावली.

"माह्यी अक्कल आहे ती," नव्या माणसाला ती तारेकडे बोट दाखवून सांगायची. "हात लावू नको."

अशी बाई साहेबलोकांना कशी आवडणार. तेंदूपत्त्याच्या दिवसांत एकदा तापाचे पेशंट इतके आले की चादरी कमी पडल्या. नवे डॉक्टर स्वतः धुलाईखोलीत आले आणि म्हणाले, जी मशीन रिकामी असेल तिच्यात घाला, मशीन सगळ्या सारख्याच. खांब रिकामी होती. पार्बताबाईनं गिरमिटाचं झाकण सोडलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमी पोट फाडता त्या टायमाले मी येऊन सांगते का, जी सुरी रिकामी असन ती घ्या म्हणून?" डॉक्टर लाल झाले. दारात उभ्या सिस्टरनं तोंडाला रुमाल लावला. चादरी गिरमिटातच धुतल्या गेल्या आणि वेळेत गेल्या, कारण त्या दिवशी ती जेवायला थांबली नाही.

तिचं हजेरीचं प्रकरणही असंच. आमच्यासारख्या रोजंदारीच्या बायांसाठी बाबू टेबलावर शाईची गादी उघडून ठेवायचा. एक दिवस तिनं गादीचं झाकण लावलं आणि म्हणाली, महिनाभरानं सही करीन. त्या महिन्यात रोज दुपारी ती खांबाच्या झाकणावर साबणाचा फेस पसरायची आणि माझ्याकडून त्यात बोटानं तिचं नाव लिहून घ्यायची. मग फडक्यानं पुसायची आणि स्वतः लिहायची. पा सरळ यायचा, र्ब पाशी फेस विरून जायचा. महिन्यानं तिनं रजिस्टरात 'पार्बता' लिहिलं ते दोन ओळी भरून.

बाबू म्हणाला, "बाई, खालचीची जागा खाल्ली तुमी."

"खालची बी मोठ्ठंच लिहीन," ती म्हणाली. "रजिस्टर मोठं आणा."

खालची म्हणजे मी. मी माझं नाव कडेला, मुंगीएवढं लिहायची.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे लिहायला बसले.

ट्रस्टनं नागपूरहून नवे व्यवस्थापक पाठवले. चांगला माणूस होता, पण त्याला सगळं एका वर्षात नवं करायचं होतं. धुलाईखोली त्याच्या डोळ्यात सलायची. चंद्रपूरच्या एका ठेकेदाराची गाडी रोज येऊन कपडे घेऊन जाईल, मशीनी भंगारात जातील, खोलीचं स्टोअर होईल, असं त्यानं बाबूजवळ बोलून दाखवलं होतं. बाबूनं ते आम्हाला सांगितलं. आमचं काय, असं मी घरी जाताना पार्बताबाईला विचारलं. ती म्हणाली, "मशीन चालते तोवर आपण चालतो."

त्याच दिवसांत जिवतीकडे तिच्या भावाच्या घरी कुळाच्या पेनाची, म्हणजे कुळदेवाची, पूजा निघाली. ती आठ दिवसांच्या सुट्टीवर गेली. जाताना म्हणाली, काई नवं करू नको, रोजचं कर.

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी चंद्रपूरहून मेकॅनिक बोलावला. दिलीप त्याचं नाव, तिशीतला, कामाचा. त्याच्या हातून आजवर सगळ्या नव्याच मशीनी गेलेल्या. नव्या मशीनींत रवी नसते, तळाशी नुसती एक फिरती थाळी असते. त्यानं खांब पाहिली, मासोळी पाहिली, ठीक आहे म्हणाला. गिरमिटात हात घातला आणि वरचा तुकडा कर्र कर्र फिरला. "हे तं पूर्ण लूज झालं," तो स्वतःशीच म्हणाला. पिशवीतून त्यानं पुटी काढली. पाइपाची गळती बुजवायला दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळून लावतात, ती. दोन तुकड्यांच्या सांध्यात त्यानं ती बोटानं दाबून दाबून भरली आणि मला म्हणाला, उद्यापर्यंत वापरू नका बाई, दगडासारखी होईल.

मी तारेच्या खिळ्याखालीच उभी होते. मला माहीत होतं. "भाऊ, ते तसंच असते," एवढं म्हणायचं होतं. मी पदराचं टोक पिळत राहिले. शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार, असं मनात आलं. मग तो निघून गेला आणि मनात आलेलं मनातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरमिटाचं झाकण उघडलं तर डोक्याला फेटा बांधावा तशी चादर रवीला गुंडाळलेली. ओढली तर फाटली. त्या दिवशी चार फाटल्या. त्यानंतर मी चादरी खांबात घालायला लागले, पण तिच्यात त्या नीट निघेनात आणि वॉर्डातून ओरडा व्हायला लागला. मग पुन्हा गिरमिट, पुन्हा फाटणं. व्यवस्थापकांनी फाटक्या चादरींचा ढीग ऑफिसात मागवला आणि कागद काढला. सोमवारी भंगारवाला येईल, तिन्ही मशीनी द्याव्यात. आम्हा दोघींचं काय, त्याबद्दल कागदात काही नव्हतं. बाबूनं विचारलं तेव्हा 'पाहू' म्हणाले.

पार्बताबाई शनिवारी सकाळी परत आली. कपाळावर हळद अजून ओली वाटत होती. मला काही विचारायच्या आत तिनं गिरमिटात हात घातला. वरचा तुकडा एका बाजूनं फिरवून पाहिला, मग दुसऱ्या बाजूनं. दोन्हीकडे अडला. तिनं हात बाहेर काढला आणि बोटं हुंगली.

"कोण केलं?"

मी सांगितलं.

"तुह्यासमोर?"

मी मान हलवली. ती खिळ्याकडे पाहत म्हणाली, "तार दाखवली होती ना मी तुले." यापुढे त्या दिवशी काय, पुढेही कधी ती मला त्याबद्दल बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं वायर काढली. टोपण उघडून पान्यानं आतला नट सोडला. रवी बसून गेली होती, निघेना. तिनं गरम पाणी ओतलं, जुन्या लुगड्याची पट्टी रवीच्या खालच्या घेराखालून फिरवली, टाकीच्या काठाला पाय लावला आणि दोन्ही हातांनी पट्टी वर ओढली. तिसऱ्या हिसक्याला रवी सुटली. साबणाच्या पाण्यानं निथळत असलेली ती रवी तिनं खांद्यावर घेतली आणि ऑफिसकडे निघाली. मी मागे.

ऑफिसात व्यवस्थापक होते, बाबू होता आणि दिलीपही होता. मशीनी दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या आहेत असं लिहून देण्यासाठी त्याला बोलावलं होतं. पार्बताबाईनं रवी टेबलाच्या काचेवर उभी केली. पाणी काचेवरून पसरलं, बाबूनं धावत फायली उचलल्या.

"हे काय आहे?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"रवी आहे साहेब. सोमवारी द्यायचीच होती ना, म्या म्हटलं आधी तुमी तं पाहून घ्या." मग ती दिलीपकडे वळली. "भाऊ, तुमी लावली का ही पुटी?"

"हो बाई. लूज होतं ते."

"कोन्या बाजूनं लूज होतं?"

दिलीपनं रवीच्या वरच्या तुकड्यावर हात ठेवला. तो खरंच आठवत होता.

"दोन्ही बाजूनं फिरत होतं का एका?"

"एका," तो म्हणाला. "दुसरीकडे अडत होतं."

"दर वेळेस त्याच बाजूनं अडत होतं ना?"

"हो."

"मंग जे दर वेळेस एकाच बाजूनं अडते, ते लूज कसं वो भाऊ?"

दिलीपनं रवीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण व्यवस्थापक काही मशीनवाले नव्हते. ते म्हणाले, बाई, या मशीनी किती जुन्या आहेत. चादरी आधीपासूनच फाटत असतील, ढीग आता दिसला एवढंच. पुटीनंच फाटल्या हे कशावरून? तुम्ही तर इथे नव्हताच.

ते खरं होतं. ती नव्हती. मी होते.

पार्बताबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मला पुढेही केलं नाही. ती टेबलावरच्या पाण्याकडे पाहत उभी राहिली.

"आधी एक बी फाटली नाई साहेब," मी म्हणाले. "पुटी लावल्यावर फाटल्या. मी तिथीच उभी होती. मले माहीत होतं, अन् मी बोलली नाई."

त्या ऑफिसात एवढं मी पहिल्यांदा बोलले. व्यवस्थापकांनी माझं नाव काय म्हणून बाबूला विचारलं, मला नाही.

पार्बताबाई म्हणाली, "तिनं सांगतलं. आता माह्यं ऐका. आजच्या आज ही पुटी निघन. बाळंतिणीच्या खोलीतली सगळ्यात जाड चादर अन् एक ब्लँकेट, तुमच्या समोर धुते. फाटली तं सोमवारी भंगारवाल्याची वाट नाई पाहाची, तिन्ही मशीनी मी सोता ढकलत गेटापर्यंत नेते. नाई फाटली तं तो कागद फाडाचा."

व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले.

पुटी तिनं स्वतः काढली नाही. रवी दिलीपच्या हातात दिली. तो व्हरांड्यात बसून पेचकस आणि हातोडीनं पुटीच्या ढलप्या उडवत होता, आणि ती समोर उकिडवी बसून पाहत होती. जोरानं मारू नको, तिरपं मार, एवढंच अधूनमधून सांगायची. एका तासानं वरचा तुकडा सुटला. आत चार लहान दाते होते, चिंचोक्याएवढे. पार्बताबाईनं एकेक दाता नखानं तपासला, साफ केला आणि जागेवर बसवला. मग दिलीपचं मनगट धरून तुकडा त्याच्याकडून फिरवून घेतला, माझ्याकडून घेतला होता तसाच.

"मले कोणी शिकवलंच नाई हे," दिलीप म्हणाला.

"मले कोण शिकवलं? तारेनं," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीनंतर गिरमिट चालू झाली. या जुन्या मशीनी झाकण उघडं ठेवूनही घुसळतात, म्हणून सगळं दिसत होतं. व्यवस्थापक दोन मिनिटांसाठी आले होते. चादरीचा एक कोपरा वर तरंगत होता. गिरमिटाच्या पेचानं तो धरला आणि सावकाश खाली नेला. थोड्या वेळानं तोच कोपरा टाकीच्या कडेनं वर आला आणि पुन्हा मधे आला. व्यवस्थापक कोपऱ्यावर नजर ठेवून उभे होते. कोपरा कितव्यांदा तरी वर आला तेव्हा ते म्हणाले, "अच्छा." शेवटपर्यंत ते गेले नाहीत. चादर निघाली, ब्लँकेट निघालं, पार्बताबाईनं दोन्ही झटकून त्यांच्यासमोर धरलं आणि काठ त्यांच्या हातात दिला.

कागद त्यांनी फाडला नाही, फाईलीत ठेवला. पण सोमवारी भंगारवाला आला तेव्हा पार्बताबाई गेटावर आधीच उभी होती. तुमच्या कामाचं इथी काई नाई म्हणाली. मग तो रिकामा जाऊ नये म्हणून व्यवस्थापकांचा मोडका कूलर त्याच्या गाडीवर चढवून दिला. खुद्द साहेबांची परवानगी नंतर घेतली.

ती सगळं जिंकली असं मी म्हणणार नाही. व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी एक मोठी नवी मशीन आणलीच. थाळीची. अर्धे कपडे तिच्यात जायला लागले. पार्बताबाईनं तिला कधी हात लावला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "तिले रवीच नाई, मी काय घुसळू?" थाळीतून चादरी दोरीसारख्या पिळलेल्या निघायच्या आणि त्यांचा काठ लाटा आल्यासारखा वाकडा व्हायचा. वॉर्डातल्या कुणाला तो फरक कळायचा नाही.

दिलीप मात्र तिच्याकडे येत राहिला. चंद्रपूरच्या भंगारातून तो जुन्या रव्या उचलून आणायचा आणि धुलाईखोलीच्या दारात ओळीनं मांडायचा. ती एकेक उलटी करायची. आतल्या दात्यांत करंगळी फिरवायची, घेर वितीनं मापायची. एकदा त्यानं दोन रव्या आणल्या, दोन्ही गिरमिटासारख्या, मला तर जुळ्या वाटल्या. तिनं एक बाजूला सारली. हिचा घेर दोन बोटं जास्त आहे, ही तळाला घासन अन् कापड खाईन, असं तिनं त्याला दाखवलं. कधी तो मोबाइलवर फोटो पाठवायचा, मी तिच्यापुढे धरायची. ती मान फिरवायची. "फोटोले हात लावता येते का? त्याले म्हणा, बस धरून ये."

दोन वर्षांपूर्वी तिचं काम सुटलं. वय झालं असं ऑफिसनं सांगितलं. जाताना तिनं पाना माझ्या हातात दिला. तार खिळ्यालाच ठेवली.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला दम लागला म्हणून भाच्यानं आमच्याच दवाखान्यात आणून भरती केलं होतं. मला दुपारी कळलं. मी हात पुसत बायांच्या वॉर्डात गेले तर ती खाटेवर नव्हती. खाटेच्या बाजूला उभी होती. दवाखान्याचा ढगळ झगा, हातावरचं गोंदण उघडं, एक हात खाटेच्या लोखंडाला धरलेला, छाती वरखाली होत होती. नवी सिस्टर तिला झोपा, झोपा म्हणून विनवत होती.

मला पाहून ती म्हणाली, "हे थाळीतली आहे." चादरीचा काठ तिनं चिमटीत धरला होता. "मले गिरमिटातली आण."

सिस्टर मला म्हणाली, मावशी, तुम्ही तरी समजवा, सगळ्या चादरी सारख्याच आहेत.

"सारख्या नाईत," मी म्हणाले. वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी धुलाईखोलीत गेले, सकाळच्या घड्यांतून एक चादर काढली आणि परत आले. तोवर ती उभीच होती. मी जुनी काढली, नवी अंथरली. तिनं अंगठा काठावर ठेवला, दोन बोटं पुढे सरकवला, मग बसली आणि मग आडवी झाली. दाते बदलले का, तिनं विचारलं. मागच्या महिन्यात, मी सांगितलं. दिलीपनं आणले. बरं केलं, ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

चार दिवसांनी ती गावी गेली आणि दिवाळीच्या आधी वारली. मला निरोप उशिरा मिळाला, जाता आलं नाही. म्हणून माझ्याकडे तिचं शेवटचं जे आहे ते त्या दुपारचंच.

मी वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि मागे पाहिलं. पार्बताबाईनं डोळे उघडले होते. कुशीवर वळून शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती स्वतःच्या चादरीचा काठ दाखवत होती, अंगठा कसा ठेवायचा ते सांगत होती. ती बाई कुठल्यातरी दूरच्या गावची, सलाईन लावलेली. तिनं आपली चादर चाचपली, पुन्हा चाचपली. मग सलाईनची नळी एका हातात धरून ती सावकाश खाटेवरून उतरली आणि उभी राहिली.